टर्बो गाडीत सकाळी ऑईल प्रेशर उशिरा येतं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी चालू केली की ऑईलचा लाल दिवा जरा रेंगाळतो. मग कुणी सांगतं टर्बो (धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा ढकलणारा पंखा) गेला, कुणी म्हणतं पंप बदला, कुणी जाड ऑईल टाकायला लावतं. आमच्या गॅरेजमध्ये प्रत्यक्ष आणि फोनवर जे प्रश्न पुन्हापुन्हा येतात ते इथे एकत्र केले आहेत. डिझेल-पेट्रोल दोन्हींना लागू आहेत, फरक असेल तिथे तसं लिहिलं आहे. कळकळीची एकच विनंती: कुठलाही पार्ट विकत घेण्याआधी प्रश्न ४ मधलं मोजमाप करा. या तक्रारीत आजवर पाहिलेले बहुतेक वाया गेलेले पैसे न मोजता पार्ट बदलल्यामुळे गेले आहेत.

१. गाडी चालू केल्यावर ऑईलचा दिवा किती सेकंदांत विझायला हवा?

इंजिन पेटल्यापासून साधारण एक-दोन सेकंदांत. सेल्फ फिरत असतानाचा वेळ यात धरायचा नाही. ऑईल-फिल्टर नुकताच बदलला असेल तर पहिल्या स्टार्टला पाच ते आठ सेकंद लागणं साहजिक आहे, कारण आधी रिकामा फिल्टर भरतो आणि मगच ऑईल पुढे सरकतं. पण रोज सकाळी चार-पाच सेकंद लागत असतील तर तपासणी हवीच. दहा सेकंदांनंतरही दिवा तसाच असेल तर इंजिन बंद करा. रेस देऊन दिवा घालवायला जाऊ नका, कोरड्या बेअरिंगवर रेस म्हणजे सरळ धातूवर धातू.

याची दुसरी बाजूही बघा. चावी ऑन केल्यावर, इंजिन चालू होण्याआधी, हा दिवा लागलाच पाहिजे. लागत नसेल तर बल्ब, वायर किंवा प्रेशर स्विच यांपैकी काहीतरी गेलेलं आहे आणि इशारा देणारं तुमच्या गाडीत काहीच उरलेलं नाही.

२. दिवा विझला म्हणजे प्रेशर पुरेसं आलं, असंच ना?

नाही. बहुतेक गाड्यांमधला स्विच ०.३ ते ०.५ बारच्या (बार हे दाबाचं एकक) आसपास काम करतो. थंड इंजिनात आयडलिंगला प्रेशर सहसा याच्या कितीतरी पट असतं. म्हणजे दिवा फक्त एवढंच सांगतो की प्रेशर शून्यावर नाही. ०.६ बारवर अडकलेलं इंजिन आणि ४ बारवर पोचलेलं इंजिन, दिव्याला दोन्ही सारखीच.

डॅशबोर्डवर काटा असेल तरी खात्री धरू नका. काही गाड्यांत तो काटा त्याच ऑन-ऑफ स्विचवर चालतो. स्विचने खूण दिली की काटा मधोमध जाऊन बसतो आणि तिथून हलत नाही. खरा आकडा फक्त इंजिनच्या आट्यात (थ्रेडमध्ये) लावलेलं मेकॅनिकल गेज देतं.

३. साध्या गाडीतही हे होतंच की. मग टर्बोवाल्यांनीच जास्त काळजी का करायची?

कारण टर्बो हा ऑईलच्या रस्त्यावरच्या शेवटच्या घरांपैकी एक आहे, आणि तहान मात्र सगळ्यात जास्त त्यालाच लागते. पंप चेंबरमधून (इंजिनच्या तळाशी ऑईल साठतं त्या भांड्यातून) ऑईल ओढतो, ते फिल्टरमधून मुख्य गॅलरीत (ऑईलच्या मुख्य वाटेत) जातं, तिथून क्रँकच्या बेअरिंगांना, हेडला, आणि एका बारीक पाइपातून टर्बोला. प्रेशर स्विच बहुतेक वेळा फिल्टरजवळ किंवा गॅलरीवर बसवलेला असतो. म्हणून दिवा विझतो त्या क्षणी टर्बोपर्यंत ऑईल पोचलेलं असेलच असं नाही.

आता टर्बोच्या आत बघा. बहुतेक गाड्यांत त्याची शाफ्ट तरंगत्या बुशांमध्ये फिरते: बुशाच्या आत ऑईलचा पापुद्रा, बाहेरही ऑईलचा पापुद्रा, आणि दोन्हीची जाडी मिलिमीटरचे काही शंभरावे भाग. पूर्ण जोरात छोट्या गाडीचा टर्बो मिनिटाला दीड-दोन लाख फेरे घेतो. आयडलिंगलाही तो थांबलेला नसतो, पहिल्या सिलिंडरचा धूर आला की चाक फिरायला लागतं. क्रँकच्या बेअरिंगमध्ये रात्रभर थोडंफार ऑईल धरून राहतं. टर्बोमधलं ऑईल मात्र जाड परतीच्या पाइपातून गुरुत्वाकर्षणाने खाली उतरून गेलेलं असतं. रोज तीन-चार सेकंद कोरडं फिरणं म्हणजे वर्षभरात एक हजारापेक्षा जास्त कोरडे सेकंद. टर्बो त्या दिवशी जात नाही, दीड-दोन वर्षांनी जातो, आणि तोवर कारण कुणाच्या लक्षात राहिलेलं नसतं.

४. सेकंद नेमके मोजायचे कसे? घरी जमेल का?

अर्धं काम घरी जमतं. गाडी सपाट जागी रात्रभर, निदान आठ तास उभी ठेवा. सकाळी सगळ्यात आधी डिपस्टिक बघा. लेव्हल खाली असेल तर बाकीचं सगळं नंतर. मग मोबाईल डॅशबोर्डसमोर धरून आवाजासकट व्हिडिओ काढा: चावी ऑन, सेल्फ, इंजिन पेटल्याचा आवाज, दिवा विझणं. नंतर व्हिडिओ थांबवत थांबवत बघा म्हणजे अर्ध्या सेकंदाचा फरकही कळतो. हेच लागोपाठ तीन सकाळी करा. एका दिवसाच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका.

उरलेलं अर्धं गॅरेजमध्ये. प्रेशर स्विच काढून त्या जागी ० ते १० बारचं मेकॅनिकल गेज लावायचं. आटे नीट बघून लावायला सांगा. बऱ्याच युरोपीय इंजिनांत एम १० चा बारीक आटा असतो, जपानी इंजिनांत एक अष्टमांश इंची निमुळता. चुकीचा ॲडाप्टर जोर लावून बसवला तर ॲल्युमिनियमचा आटा जातो आणि नवीनच दुखणं मागे लागतं. गेजची नळी आखूड असू द्या, लांब रिकामी नळी भरण्यातही वेळ जातो.

गेज लावल्यावर चार वेळा गाडी चालू करायची: रात्रभर उभी असताना, बंद करून दहा मिनिटांनी, दोन तासांनी, आणि इंजिन पूर्ण गरम असताना. प्रत्येक वेळी तीन गोष्टी लिहून काढा: काटा पहिल्यांदा हलला तो क्षण, १ बार गाठायला लागलेला वेळ, आणि काटा स्थिर झाला तो आकडा. गरम इंजिनात आयडलिंगचं आणि २,००० आरपीएमचं प्रेशरही टिपा. दर हजार आरपीएमला साधारण ०.७ बार हा जुना ठोकताळा चालतो, पण अंतिम आकडा तुमच्या इंजिनच्या वर्कशॉप मॅन्युअलमधलाच. पहिलं माप रात्रभर उभ्या गाडीचं असल्यामुळे गेज लावून गाडी रात्रभर गॅरेजमध्येच ठेवावी लागते. संध्याकाळी गरम गाडी नेऊन ‘प्रेशर चेक केलं, ओके आहे’ हे उत्तर घेऊन परत येण्याला काही अर्थ नाही, कारण तुमचा प्रश्न सकाळचा आहे.

५. आकडे मिळाले. त्यावरून दोष कुठे आहे ते कसं ओळखायचं?

हा या सगळ्या पानातला सर्वात महत्त्वाचा प्रश्न, म्हणून सावकाश वाचा.

गाडी जितकी जास्त वेळ उभी, तितका उशीर जास्त. दहा मिनिटांनी चालू केली तर लगेच प्रेशर: याचा अर्थ ऑईल मागे उतरून जातंय. पहिला संशय फिल्टरच्या परतझडपेवर (प्रश्न ६). दुसरा संशय ओढणीच्या पाइपच्या ओ-रिंगवर (प्रश्न ७). पंप खूप झिजला असेल तरी तो ऑईल धरून ठेवत नाही, पण अशा गाडीत गरम आयडलिंगचं प्रेशरही कमी दिसतं. ते चांगलं असेल तर पंपाला हात लावू नका.

उभं राहण्याशी संबंध नाही, प्रत्येक स्टार्टला सारखाच उशीर: मग चेंबरमधून ऑईल ओढणाऱ्या पाइपच्या तोंडाची जाळी चोक आहे का, रिलीफ व्हॉल्व्ह (जादा प्रेशर सोडून देणारी झडप) उघडा अडकला आहे का, हे बघायचं. चोक झालेल्या जाळीची एक खूण आहे. आरपीएम वाढवल्यावर प्रेशर वाढायच्या ऐवजी डगमगतं किंवा खाली येतं, कारण पंपाला हवं तेवढं ऑईल जाळीतून येतच नाही.

फक्त थंडीत उशीर, उन्हाळ्यात काही नाही: ऑईलचा ग्रेड (प्रश्न ९), कडक झालेली ओ-रिंग, किंवा जाळीवर बसलेली मळी. गारठ्यात घट्ट ऑईल अर्धवट बुजलेल्या जाळीतून जात नाही, गरम झाल्यावर जातं.

गेजवर प्रेशर लगेच, दिवा मात्र उशिरा: स्विच किंवा त्याची वायर. स्विचच्या बारीक भोकात मळी अडकली की असंच होतं. हा निकाल लागला तर स्वस्तात सुटलात.

६. फिल्टरमुळे एवढा फरक पडतो?

पडतो, आणि आमच्याकडच्या तक्रारींत सगळ्यात जास्त वेळा तोच दोषी निघाला आहे. फिल्टरच्या आत रबराची एक चकती असते, तीच परतझडप. इंजिन बंद झालं की ती भोकं झाकते आणि फिल्टर भरलेला ठेवते. साध्या नायट्राईल रबराची चकती उष्णतेने कडक होते आणि कडा उचलून बसते; सिलिकॉनची जास्त टिकते. फिल्टर आडवा किंवा उलटा बसत असेल तर ही चकती म्हणजे सर्वस्व. तोंड वर करून सरळ उभ्या बसणाऱ्या फिल्टरमध्ये ऑईल आपोआप राहतं, तिथे तिचं महत्त्व कमी.

तपासायची सोपी रीत: रात्रभर उभ्या गाडीचा आडवा फिल्टर सकाळी चालू न करता काढा. भरलेला निघाला तर झडप ठीक. जवळजवळ रिकामा निघाला तर दोषी सापडला. खोक्यावर कंपनीचं नाव आहे म्हणून आतला माल कंपनीचा असतोच असं नाही, नकली फिल्टर बाजारात सर्रास मिळतात. ओळखीच्या अधिकृत दुकानातून, बिलासकट घ्या.

कागदी काडतूस बसणाऱ्या फिल्टरमध्ये झडप हाउसिंगमध्ये असते किंवा काडतुसालाच जोडलेली असते. तिथे नेहमीची चूक म्हणजे नव्या खोक्यातल्या छोट्या ओ-रिंगा न बदलता जुन्याच ठेवणं. झाकणाची मोठी ओ-रिंग सगळे बदलतात कारण तिच्यातून गळती दिसते. आतल्या दांड्याची बारीक ओ-रिंग कुणाला दिसत नाही, म्हणून ती तशीच राहते आणि ऑईल रात्री तिच्या कडेने उतरतं.

७. मेकॅनिक म्हणतो ‘पंप हवा धरतोय’. म्हणजे काय?

चेंबरमधून पंपापर्यंत जो पाइप येतो, त्याच्या सांध्यावर ओ-रिंग किंवा गॅसकेट असतं. ते कडक झालं, चिरलं किंवा बसवताना मुडपलं की पंप ऑईलसोबत हवाही ओढतो. ग्लासातलं सरबत चीर पडलेल्या स्ट्रॉने प्यायला गेलं तर जसं होतं तसंच. बाहेर थेंबभर गळती दिसत नाही, कारण हा सांधा चेंबरच्या आत असतो.

ओळखायला एक जुनी युक्ती आहे. लेव्हल मॅक्सच्या खुणेवर अर्धा ते एक लीटर तात्पुरतं जास्त भरून सकाळचा वेळ पुन्हा मोजायचा. सांधा ऑईलखाली बुडाला आणि उशीर एकदम कमी झाला, तर ओ-रिंगच. ही फक्त चाचणी आहे. जास्तीचं ऑईल लगेच काढून टाका, तसं भरून गाडी चालवायची नाही. क्रँक ऑईलला लागून फेस होतो आणि फेसाला प्रेशर धरत नाही.

८. चेंबर उतरवला तर आत नेमकं काय सापडतं?

काळी मळी, कार्बनचे खडे, आणि आपल्याकडे हमखास सापडणारी तिसरी गोष्ट म्हणजे सिलिकॉनचे तुकडे. गॅसकेटऐवजी किंवा गॅसकेटवर भरमसाट सिलिकॉन लावायची सवय फार आहे. बाहेर जसं सिलिकॉन ओघळलेलं दिसतं, तसंच ते आतही ओघळतं, सुकतं, तुटतं आणि थेट जाळीवर जाऊन बसतं. आमच्याकडे एक डिझेल सेडान दोन टर्बो बदलून झाल्यावर आली होती. तिसरा टर्बो घेण्याआधी मालकांना आम्ही चेंबर उघडू द्या अशी विनंती केली. जाळीचा अर्ध्याहून जास्त भाग लाल सिलिकॉनने झाकलेला होता. जाळी साफ केली, पाइपची ओ-रिंग बदलली, आणि सकाळचे सहा सेकंद दीडवर आले. ते दोन टर्बो कशाने गेले हे त्या मालकांना आधी कुणीच दाखवलं नव्हतं, याचं आजही वाईट वाटतं.

ऑईलमध्येच फिरणारा पट्टा असलेल्या इंजिनांत चौथी गोष्ट सापडते: रबराचा भुगा आणि पट्ट्याचे तंतू. फोर्डचं एक लीटरचं इकोबूस्ट पेट्रोल इंजिन हे ठळक उदाहरण, भारतात ते इकोस्पोर्टमध्ये २०१३ पासून मिळत होतं. त्यातला ऑईल पंप अशाच पट्ट्यावर चालतो. डिसेंबर २०२३ मध्ये याच पंपाच्या पट्ट्याच्या टेन्शनरसाठी अमेरिकेत फोकस आणि इकोस्पोर्ट गाड्या परत बोलावल्या गेल्या, आणि तिकडे विकलेल्या इकोस्पोर्ट चेन्नईतच बनलेल्या होत्या. असं इंजिन असेल तर उशिरा विझणारा दिवा एक दिवसही अंगावर काढू नका, आणि ऑईल नेमकं कंपनीने सांगितलेलंच वापरा, कारण चुकीच्या ऑईलने पट्टा सुजतो.

९. जाड ऑईल, म्हणजे २०डब्ल्यू-५० टाकलं तर प्रेशर वाढेल ना?

ऑईलच्या नावातला पहिला आकडा ते थंडीत किती घट्ट होतं ते सांगतो, दुसरा गरम असताना किती घट्ट राहतं ते. जाड ऑईलने गेजवरचा गरम आकडा वाढेल. सकाळचा उशीर मात्र बहुधा वाढेलच, आणि तुमची तक्रार सकाळची आहे.

प्रेशर आणि प्रवाह या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. घट्ट ऑईल बारीक रस्त्यातून जायला विरोध करतं म्हणून पंपाजवळ प्रेशर जास्त दिसतं. पण टर्बोच्या बारीक पाइपातून त्या क्षणी पुढे गेलेलं ऑईल कमी असतं. ४० अंश तापमानाला २०डब्ल्यू-५० हे ५डब्ल्यू-३० पेक्षा जवळपास अडीच पट घट्ट असतं, आणि तापमान खाली जाईल तसा हा फरक वाढत जातो. डिसेंबरच्या पहाटे निफाड किंवा महाबळेश्वरला तो किती होत असेल याचा अंदाज करा. शिवाय फार घट्ट ऑईलमुळे फिल्टरची बायपास झडप उघडते आणि गाळलं न गेलेलं ऑईल बेअरिंगांवर जातं. बीएस-६ डिझेलला डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) असतो, त्याला कमी राखेचं ऑईल लागतं. दुकानात मिळणारं नेहमीचं २०डब्ल्यू-५० तसं नसतं.

कंपनीच्या पुस्तकात ५डब्ल्यू-३० आणि ५डब्ल्यू-४० दोन्ही चालतात असं लिहिलं असेल आणि गाडीने बरंच अंतर कापलं असेल, तर ४० कडे जायला माझी हरकत नाही. पहिला आकडा, डब्ल्यूच्या आधीचा, मोठा करू नका.

१०. ऑईल वेळेवर बदलतो, तरी मळी कशी झाली?

किलोमीटर कमी आणि स्टार्ट जास्त असतील तर होते. शाळा, भाजी, ऑफिस अशा तीन-चार किलोमीटरच्या फेऱ्यांत ऑईल पूर्ण तापतच नाही, त्यातलं पाणी आणि पेट्रोल उडून जात नाही. थेट इंजेक्शनच्या टर्बो पेट्रोल इंजिनात हे जास्त होतं. बीएस-६ डिझेलमध्ये, म्हणजे १ एप्रिल २०२० नंतरच्या गाड्यांत, डीपीएफ जाळून साफ करताना जादा डिझेल फवारलं जातं. ती क्रिया अर्धवट राहिली की डिझेल ऑईलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर लेव्हल कमी व्हायच्या ऐवजी वाढताना दिसली तर हेच समजा आणि किलोमीटर न बघता ऑईल बदला. अशा वापराच्या गाडीला वर्षातून एकदा नव्हे, दर सहा महिन्यांनी ऑईल द्यावं असं माझं मत आहे.

११. फ्लश केल्यानंतरच त्रास सुरू झाला. फ्लशमुळे का?

शक्य आहे. वर्षानुवर्षं साचलेली मळी फ्लशने (इंजिन आतून धुण्यासाठी ऑईलमध्ये घालायच्या द्रावणाने) सुटते पण सगळी विरघळत नाही. खपल्या निघतात आणि जाळीकडे जातात. आधी नसलेला उशीर फ्लशनंतर दिसू लागला असेल तर दुसरा फ्लश करू नका. चेंबर उतरवून जाळी हाताने साफ करा. झाकण उघडल्यावर कॅमशाफ्टभोवती जाड काळा थर दिसतो त्या इंजिनात तर मी फ्लश टाळतोच. चांगलं ऑईल घालून दोन-तीन हजार किलोमीटरवर दोन-तीनदा बदललं की मळी हळूहळू आणि सुरक्षित उतरते.

१२. दिवा लगेच विझतो, पण तीन-चार सेकंद टकटक किंवा खडखड होते. हे ऑईल प्रेशरचंच का?

बहुधा हो, फक्त दूरच्या टोकाचं. हायड्रॉलिक टॅपेट आणि टायमिंग चेनचा टेन्शनर दोघेही ऑईलच्या दाबावर ताणलेले राहतात, आणि ते स्विचच्या पुढे असतात. हेडकडे जाणाऱ्या वाटेत परतझडप असेल आणि ती धरत नसेल तर दिवा वेळेवर, आवाज मात्र उशिरापर्यंत. चेन लांबलेली असली तरी असाच आवाज येतो, म्हणून आवाज समोरून येतोय की वरून हे आधी ठरवा. टर्बोचा वाटा प्रश्न ३ मध्ये सांगितला आहे.

१३. नवीन टर्बो बसवल्यावर पहिला स्टार्ट कसा करायचा?

टर्बोच्या ऑईलच्या तोंडात स्वच्छ ऑईल ओतून शाफ्ट हाताने फिरवायची, मग पाइप जोडायचा. इंधन बंद ठेवून, म्हणजे इंधनपंपाचा फ्यूज किंवा इंजेक्टरचे कनेक्टर काढून, सेल्फ दहा-दहा सेकंद मारायचा, मध्ये बॅटरी आणि सेल्फला विश्रांती द्यायची. दिवा विझेपर्यंत किंवा गेज हलेपर्यंत हे करायचं आणि मगच गाडी पेटवायची. दोन-तीन मिनिटं आयडलिंगला ठेवायची, रेस अजिबात नाही. ऑईलच्या पाइपांच्या सांध्यांना सिलिकॉन लावू देऊ नका. टर्बोच्या बारीक भोकात जाऊन बसलेला एक तुकडा पुरेसा होतो.

१४. टर्बो बदलला आणि तोही गेला. दुकानदार वॉरंटी नाकारतोय.

त्याने ‘ऑईल न मिळाल्यामुळे’ असं लिहून दिलं असेल तर रागावण्याआधी ते खरं आहे का ते बघा. बहुतेक वेळा असतं. कोरडं फिरल्याची खूण स्पष्ट असते: शाफ्ट निळसर-जांभळी पडते, बुश झिजलेले किंवा चिकटलेले असतात. टर्बो बदलताना ऑईल देणारा पाइप नवीन घातला होता का, हा पहिला प्रश्न. युरोपात प्यूजो, फोर्ड, व्होल्वो यांच्या कितीतरी गाड्यांत बसलेल्या १.६ लीटरच्या डिझेल इंजिनाची ही प्रसिद्ध कहाणी आहे. इंजेक्टरच्या बुडाशी असलेल्या वायसरमधून गॅस गळायचा, त्याने ऑईलमध्ये कार्बन साचायचा, आणि टर्बोच्या पाइपच्या बोल्टातली इवलीशी जाळी बुजायची. नुसता टर्बो बदलणाऱ्यांचा नवीन टर्बोही जायचा. तुमच्या गाडीत अशी जाळी आहे का ते पार्ट्सच्या आकृतीत बघून घ्या. सोबत पाइपातून एका मिनिटात प्रत्यक्ष किती ऑईल येतं ते भांड्यात धरून मोजलं की वाद उरत नाही.

१५. आम्ही दुबईला असतो, गाडी पुण्यात आठ-दहा महिने उभी असते. आल्यावर चालू कशी करायची?

लेव्हल बघा. बॅटरी पूर्ण चार्ज करा. इंधन बंद ठेवून सेल्फ मारण्याची प्रश्न १३ मधली रीत वापरा, दिवा विझला की मग पेटवा. इतक्या काळात पंपसुद्धा कोरडा झालेला असू शकतो, त्यामुळे पहिल्यांदा जास्त वेळ लागला तर तो दोष समजू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी मोजा, तो आकडा खरा.

मागे राहिलेल्या नातेवाईकांना ‘आठवड्यातून एकदा दोन मिनिटं चालू करत जा’ असं सांगू नका. त्याने प्रत्येक वेळी एक कोरडा स्टार्ट होतो आणि ऑईल तापतही नाही. चालवायचीच असेल तर अर्धा तास रस्त्यावर चालवायला सांगा.

१६. जुनी टर्बो गाडी घ्यायची आहे. हे कसं तपासू?

मालकाला आधी सांगून ठेवा की मी येईपर्यंत गाडी चालू करू नका, आणि सकाळी लवकर जा. बॉनेटला हात लावून गार आहे का बघा. गरम असेल तर दुसरी वेळ मागा. मग प्रश्न ४ मधला व्हिडिओ.

१७. लेह-स्पितीच्या ट्रिपला १५डब्ल्यू-४० चालेल का?

उन्हाळ्यात चालेल. हिवाळ्यात नाही. एसएईच्या (वाहन-अभियंत्यांची संस्था) मानकात १५डब्ल्यू ऑईल पंपाने ओढलं जाईल याची हमी उणे २५ अंशांपर्यंतच आहे, आणि सेल्फ फिरण्याची चाचणी उणे २० ला. स्पितीतल्या जानेवारीच्या रात्री तिथवर पोचतात. ५डब्ल्यू ला हेच आकडे उणे ३५ आणि उणे ३०.

१८. गेज लावलं तर आयडलिंगला प्रेशर १.२ बारच आणि मधूनच एकदम उडी मारतं. पंप गेला?

इंजिन कुठलं आहे ते आधी बघा. बऱ्याच नव्या टर्बो इंजिनांत पंप दोन पातळ्यांचा किंवा बदलत्या क्षमतेचा असतो. इंधन वाचवण्यासाठी ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) कमी आरपीएमला प्रेशर मुद्दाम खाली ठेवतो आणि जोर लागला की वर नेतो. फोक्सवॅगन गटाची दोन लीटर टर्बो पेट्रोल इंजिनं अशीच आहेत. अशा गाडीत प्रश्न ४ मधला ०.७ बारचा ठोकताळा लावू नका. पंपाच्या सोलेनॉइडचा (विजेवर चालणाऱ्या झडपेचा) कनेक्टर काढला की बहुतेक इंजिनांत पंप आपोआप वरच्या पातळीवर जातो. तसं करून सकाळचा वेळ आणि प्रेशर दोन्ही नीट आले, तर पंप शाबूत आहे; दोष सोलेनॉइडमध्ये, वायरिंगमध्ये किंवा ईसीयूला मिळणाऱ्या सेन्सरच्या आकड्यात शोधायचा. आणि तरीही काटा हलायला पाच सेकंद लागत असतील, तर पुन्हा प्रश्न ५ वर या आणि फिल्टरपासून सुरुवात करा.